परतीचं तिकीट

मुलगी नोकरीनिमित्त पोलंडमध्ये असते, म्हणून लॉड्झला जाणं झालं. जावई म्हणाले, ‘‘बाबा, तुम्ही रेल्वेतले. राडेगास्ट स्टेशन बघाच.’’

बुटकी लाकडी इमारत आणि रुळावर जर्मन रेल्वेच्या जुन्या वाघिणी. गुड्स शेड आणि बुकिंग ऑफिसात नोकरी झालेली, त्यामुळे नजर आधी बफर आणि कपलिंगवर गेली. मग वरच्या झरोक्यावर. पोत्यांना तेवढा वारा पुरतो.

1940 साली नाझींनी इथल्या ज्यूंना कुंपणाआड घेट्टोत कोंडलं. त्यांच्या वाटणीचं धान्य, कोळसा याच स्टेशनात उतरे; त्यांनी शिवलेले जर्मन सैन्याचे गणवेश इथूनच चढत. 16 जानेवारी 1942पासून माणसं जाऊ लागली. सामान साडेबारा किलोपर्यंत न्यायची मुभा होती! गाडी निघे चेल्म्नोच्या वाटेला. तिथे बंद ट्रकमध्ये इंजिनाचा धूर सोडून मारत. त्याच सप्टेंबरात दहा वर्षांखालची मुलं, म्हातारे आणि आजारी उचलले. आठवडाभरात पंधरा हजारांवर.

शेजारच्या लांबलचक बोगद्यात नेलेल्यांच्या नावांच्या याद्या लावल्यात. टाइप केलेल्या, ओळीत ओळ बसवलेल्या. कारकुनी काम चोख. मी फार वेळ वाचू शकलो नाही.

घरी आल्यावर या विषयावरची पुस्तकं वाचली, तेव्हा हिशेब कळला. हत्याकेंद्रांकडे जाणाऱ्या अशा गाड्यांचं भाडं जर्मन रेल्वे रीतसर आकारायची. तिसऱ्या वर्गाचा दर, किलोमीटरला 4 फेनिग. दहाच्या आतल्या मुलांना हाफ तिकीट, चारच्या आत फुकट. चारशेच्या वर माणसं असली की ग्रुप कन्सेशन. नेलेल्यांचं भाडं एकेरी, पहारेकऱ्यांचं मात्र जाऊन-येऊन. असा हिशेब मांडणाऱ्या बाबूला काही ठाऊक नव्हतं, हे निदान मला तरी कुणी सांगू नये. अख्खी गाडी भरून जाते आणि परत येताना फक्त शिपाई बसतात, हे खिडकीमागच्या माणसाला सगळ्यात आधी कळतं.

ऑगस्ट 1944मध्ये उरलेल्या साठ हजारांहून अधिक लोकांना इथूनच ऑशविट्झला नेलं. आणि अशा गाड्यांचा जाब? वॉर्सा ते ट्रेब्लिंकाचं हत्याकेंद्र अशी रोज 5,000 ज्यूंची गाडी सुटते आहे, असं 28 जुलै 1942ला नाझींच्या एसएस दलाला लेखी कळवणारा रेल्वेचा बडा अधिकारी आल्बर्ट गान्झेनम्युलर याच्यावर 1973 साली खटला उभा राहिला. त्याच्या आजारपणामुळे खटला थांबला, पुन्हा चाललाच नाही. गान्झेनम्युलर 1996 साली वारला.