मांडवाखालचे रस्ते

ऑक्टोबरची फळछाटणी झाली की द्राक्षबाग उघडी पडते. मांडवावर नुसत्या काड्या आणि तारा. तेव्हा आमचे ओलावा मोजणारे नोड लांबूनही एकमेकांना नीट ऐकू येतात. पुढे मांडव पानांनी भरतो, पानांतल्या पाण्यात २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी जिरतात आणि छाटणीनंतर आखलेले त्यांच्या पॅकेटांचे रस्ते एकेक करून बिघडतात. बागायतदार ज्यावर खूश, नेमका तोच झाडोरा माझ्या मुळावर.

सॉफ्टवेअर-डिफाइन्ड नेटवर्कच्या पद्धतीत हा रस्ता नोड ठरवत नाही. पंपाच्या खोलीतला कंट्रोलर सगळ्या बागेचा नकाशा पाहून प्रत्येकाला नियम धाडतो: अमक्याचं पॅकेट आलं, तमक्याकडे दे. २००८च्या ओपनफ्लो प्रोटोकॉलपासून ही कल्पना फोफावली, पण तारांच्या आणि मुबलक विजेच्या जगात. आमच्याकडे हुकूम आणि माल एकाच रेडिओवरून जातात, आणि एका फ्रेममध्ये मावतात जेमतेम १२७ बाइट.

नवख्याला कमी टप्प्यांचा रस्ता आवडतो. थेट दुव्यावर निम्मी पॅकेटं हरवतात आणि पोचपावत्याही निम्म्याच परत येतात, असं धरा. मग एक पॅकेट सरासरी चारदा पाठवावं लागतं. मध्ये एक नोड घेतला आणि दोन्ही दुवे दोन्ही दिशांनी नव्वद टक्के चालले, तर एकूण अडीचच्या आत भागतं. लांबचा रस्ता स्वस्त! फक्त मधल्याची बॅटरी कोण बघणार? सीसी२४२० हा जुना रेडिओ पाठवताना १७.४ मिलिअँपिअर खातो, ऐकताना १८.८. ऐकणंच महाग. बागेला कंट्रोलरशी जोडणाऱ्या गेटवेजवळचे नोड साऱ्या बागेचं ऐकून आधी संपतात, आणि मागच्यांच्या बॅटऱ्या भरलेल्या असूनही वाया जातात.

म्हणून बॅटरी पाहून वाहतूक वळवावी, हे खरंच. पण ‘किती उरली?’ याचं उत्तरही त्याच दमलेल्या नोडांमधून येतं. माझा कल कमी विचारण्याकडे. दुवा ठरावीक मर्यादेपलीकडे बिघडला तरच नोडने कळवावं. नवा रस्ता जरासाच बरा असेल, तर जुना चालू द्यावा. नाहीतर दोन सारख्याच रस्त्यांत नियमांची नुसती ये-जा चालते. आणि कंट्रोलरपर्यंतची वाट नोडांनी आपसांतच ठरवावी, आरपीएलसारख्या जाणत्या प्रोटोकॉलने. दुवा तुटल्यावर नवा नियम मागायला जायचं, तर तोच दुवा लागतो ना!

सगळं केंद्रातूनच चालावं म्हणणाऱ्यांना हे पटत नाही. पंपाच्या खोलीतली वीज गेली की पटतं. तेव्हा कंट्रोलर आडवा झालेला असतो, गेटवे बॅटरीवर जागा असतो, आणि डावणी रोगाच्या धास्तीने बागायतदार पानओलाव्याचा पहाटेचा आकडा मागत असतो.