सकाळचा चहा

पुणे शहराने चहाविषयी जितका गंभीर वाद घातला, तितका दुसऱ्या कोणत्याही पेयाविषयी घातला नसेल. १८९० साली पंचहौद मिशनमध्ये चहापानास गेलेल्या मंडळींची नावे वर्तमानपत्रात छापून आली. त्यांत न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि अखेर प्रायश्चित्ते झाली. चहा कोणाच्या हातचा, एवढाच त्या वादाचा विषय. पेल्यात साखर किती होती, हे विचारण्याचे कोणास कारण पडले नाही. पुढे टिळकांस मधुमेहाने गाठले व मंडालेच्या तुरुंगात त्यांना आहाराचे पथ्य सांभाळावे लागले, हे आठवले म्हणजे तो न विचारलेला प्रश्न आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटू लागतो. (पंचहौदातल्या एका पेल्याशी त्या व्याधीचा संबंध जोडण्याइतके आम्ही कल्पक नाही, हे सांगणे नलगे.)

पुणेरी घरातील सकाळ पाहा. तोंड धुतले की अनशापोटी चहा; वर्तमानपत्र आले की दुसरा, सोबत खारी किंवा गोड बिस्किटे; मग पोहे, आणि त्यांतही चवीपुरती साखर. कचेरीत पोचताच तिसरा. चमचाभर साखर म्हणजे चार ते पाच ग्रॅम. दोन चमच्यांचे चार चहा घेणाऱ्याच्या पोटात दिवसाकाठी ३२ ते ४० ग्रॅम साखर केवळ चहातून जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली वरून घातलेल्या साखरेची जी इष्ट मर्यादा सांगितली, ती प्रौढ मनुष्यास सुमारे २५ ग्रॅम आहे. बिस्किटांचा हिशेब आम्ही अद्याप धरलेलाच नाही.

परंतु सारा दोष साखरेच्या माथी मारून चहा-कॉफीस निर्दोष सोडता येत नाही. कॅफीन अंगात भिनले की अ‍ॅड्रिनलिन वाढते आणि स्नायू इन्शुलिनचे सांगणे काही काळ नीटसे ऐकत नाहीत. रक्तातली साखर उचलून घेण्याचे त्यांचे काम मंदावते. इंग्लंडातील बाथ विद्यापीठाने २०२० साली याचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. २९ निरोगी स्त्रीपुरुषांची झोप रात्रभर तासातासाने मोडली आणि सकाळी त्यांना साखरेचे पेय दिले. नुसत्या झोपमोडीने फारसे बिघडले नाही. पण त्या पेयाच्या अर्धा तास आधी कडक बिनदुधाची कॉफी दिली, तेव्हा रक्तातील साखरेची उसळी सुमारे निम्म्याने वाढली. जागरणानंतर प्रथम कडक कॉफी व मागाहून गोड न्याहारी हा आपला क्रमच तेथे तपासला गेला, असे म्हणावयास हरकत नाही. चहात कॅफीन कॉफीच्या साधारण निम्मे, म्हणून त्याचा उपद्रवही कमी असावा. उलट, वर्षानुवर्षे कॉफी पिणाऱ्यांत मधुमेह काहीसा कमी आढळतो, असेही मोठ्या पाहण्यांतून दिसले आहे. तेव्हा कपबशी फोडून टाकण्याचा उपदेश आम्ही करणार नाही. पोटात आधी मूठभर शेंगदाणे किंवा मोडाची उसळ जावी, चहा मागाहून आणि अगोड असावा, इतकेच आमचे म्हणणे.

यावर ठरलेले उत्तर मिळते: ‘‘आम्ही कुठे स्थूल आहोत?’’ या उत्तराचे खंडण पुण्यातच झाले आहे. येथील के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आपले स्वतःचे व लंडनचे प्राध्यापक यडकिन यांचे छायाचित्र छापले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच, निर्देशांक २२.३, पण यडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या २१.२ टक्के. पुण्याजवळच्या खेड्यांत जन्मणारी बालके सरासरी २.७ किलोची, इंग्लंडातील ३.५ किलोची, आणि आपल्या त्या लहानग्यांतही स्नायू कमी व चरबी त्या मानाने अधिक, असे त्यांच्या मंडळींनी दाखविले. वरून सडपातळ दिसणारा पुणेकर आतून तसा असेलच, याची हमी आरसा देत नाही.

आमच्या घरी हा विषय ऐकीव नाही. वडिलांस मधुमेह होता, थोरल्या बंधूंस आहे. दोघेही काटकुळे. बंधूंचे पथ्य घरात बिनबोभाट चालते. मोडते ते दुसऱ्यांच्या घरी. गेल्या वर्षी मुलीच्या लग्नाची आमंत्रणे करीत ते एका सकाळी सहा घरी गेले. ‘‘नुसता चहा तर आहे, भाऊ, त्याला काय होतंय?’’ या प्रश्नास सहाही ठिकाणी उत्तर देणे त्यांच्याने झाले नाही. यजमानीण दुखावेल, या भीतीने आपल्याकडची माणसे किती साखर पितात, याची मोजदाद कोणत्याही प्रयोगशाळेने केलेली नसावी! सहाव्या घरून ते परतले तेव्हा जिना चढताना त्यांना कठड्याचा आधार घ्यावा लागला. वहिनी दिवसभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

त्यापेक्षा कोपऱ्यावरचा अमृततुल्यवाला बरा. पितळेच्या भांड्यात दूध, आले, वेलदोडा आणि साखर एकत्रच उकळत असल्यामुळे तयार चहातली साखर त्यास कमी करता येत नाही. बंधूंनी विचारले, तेव्हा तो म्हणाला, ‘‘काका, बिनसाखरेचा वेगळा टाकावा लागेल. थांबता का पाच मिनिटं?’’ बंधू आता रोज थांबतात. फडताळातले एक लहान पातेले त्याने त्यांच्यासाठी बाजूला काढून ठेवले आहे. अलीकडे त्यात तीन कप टाकावे लागतात.