ठक्... ठक्... ठक्!

पुण्यात इंजिनिअरिंगच्या पोरांना फ्लॅट मिळणं आणि त्या फ्लॅटमध्ये झोप मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीसाठी ब्रोकर असतो, डिपॉझिट असतं, अकरा महिन्यांचं ऍग्रीमेंट असतं. दुसरीसाठी कसलीच सोय नाही. नशिबात असेल तर लागते.

शेजाऱ्यांच्या आवाजाचे काही ठरलेले प्रकार आहेत. पहिले टीव्हीवाले. सिरियलमधली सासू सुनेला काय बोलली ते यांच्याआधी आपल्याला कळतं. दुसरे ड्रिलवाले. घर घेऊन कितीही वर्षं झाली तरी यांचं भिंतीला एक भोक पाडायचं राहिलेलंच असतं, आणि ते नेमकं रविवारी दुपारी आठवतं. तिसरे फर्निचरवाले. रात्री साडेअकराला यांना खुर्ची ओढायची असते. खुर्ची उचलूनही ठेवता येते, हा शोध त्यांच्या घरी अजून पोचलेला नाही. आणि चौथे आपण, म्हणजे बॅचलर. आपण गप्प बसलो तरी आपला आवाज होतो असं सोसायटीचं ठाम मत असतं. त्यामुळे तक्रार करायची वेळ आली की आपली बाजू मुळातच लंगडी.

आमच्या डोक्यावरचा आवाज मात्र यातल्या कुठल्याच प्रकारात बसत नव्हता. वेळ पहाटे साडेचार. ठक्... ठक्... ठक्. मग दोन मिनिटं शांतता. मग पुन्हा ठक्. पीएल चालू होती. रात्री तीनपर्यंत एम-थ्रीचे लाप्लास मारून पडलेल्या माणसाला त्या ठोक्यांपेक्षा मधली शांतताच जास्त छळते, कारण पुढचा ठोका कधी पडतो याची कान वाट बघत बसतात.

चौथ्या दिवशी आमचा मेकॅनिकलवाला पार्टनर सेक्रेटरींकडे जाऊन आला. ते म्हणाले, "लेखी द्या. तुम्ही फक्त सही करा, बाकी मी बघतो." बॅचलरच्या तक्रारीवर इतकं प्रेम! मला तिथेच शंका आली. तरी अर्ज लिहून झाला. सह्या तेवढ्या बाकी होत्या.

सही करण्याआधी म्हटलं, कायदा तरी बघू. आपल्याकडे ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० आहेत. त्यानुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. म्हणजे साडेचार वाजता आपली बाजू भक्कम! पण पुढे मेख आहे. आवाज मर्यादेपेक्षा १० डेसिबल किंवा त्याहून जास्त असेल तर त्या आधारावर तक्रार करता येते. आम्ही फोनवर ऍप टाकून पहाटे मोजलं, आकडा ५१ च्या आसपास. ऍप म्हणजे काही सर्टिफाइड मीटर नव्हे, पण अंदाज आला. झोपेचं खोबरं रोज होतंय आणि कायद्याच्या पट्टीवर ते पुरेसं भरत नाही.

मग आमचा सिव्हिलवाला पार्टनर पुढे सरसावला. त्याचा फंडा असा : आवाज दोन तऱ्हेने येतो. बोलणं, गाणं हे हवेतून येतं. पाच इंची आरसीसी स्लॅब इतका जड असतो की हवेच्या लाटांनी तो फारसा हलत नाही, म्हणून वरच्यांचं बोलणं आपल्याला ऐकू येत नाही. शेजारच्या साडेचार इंची भिंतीतून मात्र येतं, कारण ती हलकी. दुसरी तऱ्हा आघाताची. फरशीवर काही आपटलं की थेट स्लॅबच हलतो आणि खालच्या खोलीसाठी त्याचा डफ होतो. म्हणून आपल्या छताला अंड्यांचे ट्रे किंवा थर्माकोल चिकटवून काही होत नाही. ट्रेमुळे फार तर खोलीतला घुमारा थोडा कमी होईल. ठोका थांबवायचा तर जिथे पडतो तिथेच, त्याच्याखाली काहीतरी मऊ घालून.

म्हणजे काय, तर वर गेल्याशिवाय इलाज नाही.

संध्याकाळी मी आणि सिव्हिलवाला वर गेलो. काकूंनी दार उघडलं, आणि आत स्वयंपाकघराच्या फरशीवर तो दिसला. भलामोठा लोखंडी खलबत्ता.

"काकू, आम्ही खालच्या फ्लॅटमधले. पहाटे जरा ठोक्यांचा आवाज येतो..."

"अगं बाई, खाली येतो होय आवाज? कुणी कधी बोललंच नाही बघा."

काकू सोलापूरच्या. पस्तीस डबे करतात. साडेसहाला पोरगा डबे न्यायला येतो, म्हणून चारला उठतात. डब्यात शेंगाची चटणी असतेच, वर पाव-पाव किलोची पाकिटंही जातात. मी विचारलं, मिक्सर का नाही?

"मिक्सरमधनं काढली की भुकटी होती रे. कुटल्याशिवाय तेल सुटत नाही. गिऱ्हाईक चटणीसाठीच तर येतं."

मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "सेक्रेटरींना सांगितलं का तुम्ही? गेल्या मीटिंगला म्हणाले, घरात धंदा चालणार नाही, एक जरी लेखी तक्रार आली तर बंद करायला लावू. पोरगी बारावीला आहे माझी."

सेक्रेटरींच्या उत्साहाचा उलगडा आता झाला. तक्रार आमच्या झोपेची होती, पण त्या कागदावर बंद होणार होतं एक स्वयंपाकघर. आणि आमची झोप? ती तर आम्हाला तरीही हवीच होती. वर चहा घेतला म्हणून खाली झोप लागत नाही.

रविवारी जुन्या बाजारातून जाड रबरी मॅट आणली. मॅट, त्यावर गोणपाटाची चौपदरी घडी, त्यावर लाकडी फळी आणि वर खलबत्ता. दुसऱ्या दिवशी पहाटे फोनवर आकडा ४० च्या आसपास. डेसिबलचं माप लॉगरिदमिक असतं, तेव्हा दहा डेसिबल कमी म्हणजे आवाजाची ऊर्जा दहाव्या भागावर. सिव्हिलवाला दिवसभर कॉलर ताठ करून फिरला.

पण खरा तोडगा काकूंनीच काढला. "चटणी टिकती की रे. संध्याकाळीच कुटून ठेवते." तेव्हापासून ठक् ठक् संध्याकाळी सातला होतं, आणि मॅटमुळे तेही जेमतेम ऐकू येतं. अर्ज फाडला. सेक्रेटरींनी विचारलं तेव्हा मेकॅनिकलवाल्याने शांतपणे सांगितलं, "काका, आमची काही तक्रार नाही." त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

आता याचा अर्थ शेजारी कसाही वागला तरी चहा प्यायला जावं असा नाही. पलीकडच्या विंगमध्ये एकांनी रात्री एकपर्यंत स्पीकर लावला होता. दोनदा जाऊन सांगितलं, दोनदा हसून दार लावलं. तिसऱ्या वेळी सरळ ११२ फिरवला आणि स्पीकर बंद झाला. कायदा अशांसाठीच आहे आणि तो वापरायला लाजू नये. पण दार वाजवायच्या आधीच कागद पुढे करू नये, एवढंच. आवाज किती ते मीटर सांगतं. कशाचा आणि कशासाठी ते जिना चढूनच कळतं.

राहता राहिला एम-थ्री. पेपर कसा गेला ते कृपया विचारू नका. त्याचं खापर आता वरच्या मजल्यावर फोडता येत नाही.