बिजागरी कुठल्या खांबाला?

महाड, जि. रायगड

चि. भाच्यास,

तुझं पत्र मिळालं. पोलादपूरला उभा असलेला १९५२ चा शेवरोले पिकअप तू पुन्हा रस्त्यावर आणणार, हे वाचून फार बरं वाटलं. मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सने १९२८ साली गाड्या जोडायला सुरुवात केली आणि १९५४ मध्ये तो कारखाना बंद झाला. तुझा पिकअप त्या काळाच्या अखेरचा, म्हणून त्याला जपणाऱ्या हाताचं मोल मला जास्त वाटतं. पण दारं उलटी फिरवायचा, म्हणजे बिजागऱ्या पुढून काढून मागे आणि खटका मागून काढून पुढे बसवायचा बेत तू सोडून द्यावास, असं मला कळकळीने सांगायचं आहे. नुसतं ‘नको’ म्हटलं तर तो वडीलकीचा हुकूम होईल, म्हणून कारणं लिहितो. ती तपासून बघ, आणि पटली तरच मान.

सगळ्यात आधी वजनाचा हिशेब. समज, दार २५ किलोचं आहे, मीटरभर रुंद आहे आणि वरच्या-खालच्या बिजागरीत ४० सेंटिमीटर अंतर आहे. दाराचं वजन त्याच्या मध्यावर, म्हणजे बिजागरीपासून अर्ध्या मीटरवर लोंबतं. त्यामुळे उघड्या दाराची वरची बिजागरी खांबाला सुमारे ३१ किलोने बाहेर ओढते आणि खालची तेवढ्याच जोराने आत रेटते. आता कोणी दाराच्या टोकाला धरून वर चढला आणि ६० किलोचा भार त्यावर टाकला, तर वरच्या बिजागरीवरची ओढ आणखी दीडशे किलोने वाढते. पुढचा खांब हे सोसतो, कारण तो त्यासाठीच बांधलेला आहे. समोरची काच, डॅशबोर्डामागची आडवी भिंत आणि बिजागऱ्या यांचा भार घेणारी ती पेटी आहे. मागच्या कोपऱ्याला मात्र जन्मापासून एकच काम आहे, बंद होणाऱ्या दाराचा धक्का झेलणं आणि खटका धरून ठेवणं. तुझ्या गाडीला कोपऱ्याच्या वळणदार काचा असतील तर तिथे पत्रा आणखी कमी आहे. या कोपऱ्यावर बिजागरी चढवायची तर आतून जाड पट्ट्यांची पेटी उभी करावी लागेल आणि ती खाली तळाच्या पट्टीला, वर छताला बांधावी लागेल. हे अर्धवट झालं तर पहिल्या पावसाळ्याआधीच दार खाली बसेल.

पावसाळ्यावरून आपल्या मुलखातलं कारण सांगतो. या पिढीच्या शेवरोले पिकअपचा जगभर ठाऊक असलेला दुखरा भाग म्हणजे कॅबचा मागचा, खालचा कोपरा. तिथे माती साचते, पाणी निघून जात नाही आणि पत्रा आतून गंजतो. बाहेरचा रंग चांगला दिसत असतानाच स्क्रू-ड्रायव्हरचं टोक आरपार जातं. नेमक्या याच जागी तुझी खालची बिजागरी येणार आहे. महाड-पोलादपूरचा पाऊस तू पाहतोसच. २२ जुलै २०२१ ला सावित्री आणि गांधारीचं पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरलं, तेव्हा गाळ कुठे कुठे जाऊन बसतो हे सगळ्या तालुक्याने पाहिलं. अशा हवेत गाडीतल्या सर्वांत लवकर कुजणाऱ्या भागावर सर्वांत मोठा भार टाकणं शहाणपणाचं नाही.

पुढचं कारण वाऱ्याचं. नेहमीच्या दाराचा खटका चालत्या गाडीत निसटला, तर समोरून येणारी हवा दार आत दाबून धरते. उलट्या दारात तीच हवा फटीत शिरून दार उचकटते. ताशी ८० किलोमीटरला एक चौरस मीटर आडव्या पत्र्यावर हवेचा दाब साधारण ३० किलोचा असतो आणि ४० ला सात-आठ किलोचा. चौपदरी झालेल्या महामार्गावर ८० चा वेग सहज गाठला जातो, आणि आंबेनळी घाटाच्या वळणांवर जुनी चासी पिळवटते, तेव्हा खटका आणि त्याची खोबण यांच्यातलं अंतर कमीजास्त होतं. दोन्ही वेळी भरवसा त्या एका खटक्यावर. शिवाय गाडी उभी असतानाचाही धोका आहे. बाजारपेठेत चालकाने उजवं दार उघडलं आणि मागून येणाऱ्या टेम्पोने त्याला धडक दिली, तर आजचं दार पुढे फेकलं जाईल, मोडेल. उलटं दार त्याच धडकेने बंद होईल, आणि मध्ये उतरणाऱ्याचा पाय किंवा छाती असेल. पाश्चात्त्य देशांत या दारांना ‘आत्मघातकी दारं’ हे नाव पडलं ते उगाच नाही.

तू म्हणशील, जुन्या गाड्यांना अशी दारं होतीच. होती, आणि आपल्याच घरांत होती. प्रीमियर कंपनीने कुर्ल्यात पन्नाशीच्या दशकात बनवलेली फियाट, जिला लोक ‘डुक्कर फियाट’ म्हणत, तिची पुढची दारं अशीच उघडायची. पण तिथे बिजागरी ज्या मधल्या खांबावर होती, तो तळापासून छतापर्यंत त्याच हिशेबाने घडवला होता. आणि त्याच घराण्यात पुढे झालेल्या पद्मिनीची दारं बघ. बिजागऱ्या पुढे गेल्या. ज्या कारखान्याला उलटी दारं करता येत होती, त्यानेच ती सोडली, ही साक्ष मला मोठी वाटते. दुसरा दाखला तू रोल्स-रॉइसचा देशील. २००३ च्या फँटमची मागची दारं उलटी आहेत, त्यांच्या काही दोन दारांच्या गाड्यांनाही तशीच आहेत. अमेरिकेत नव्वदीच्या अखेरीपासून लांब कॅबच्या पिकअपनाही मागे तशी अर्धी दारं आली. पण त्या पिकअपमध्ये पुढचं दार उघडल्याशिवाय मागचं उघडत नाही, आणि रोल्सचा सांगाडाच पहिल्या रेघेपासून त्या दारांसाठी आखलेला आणि तपासलेला असतो. तुझ्या पिकअपला यांतलं काहीच नाही. सारखा दिसेल तो फक्त आकार.

तुझा पुढचा आक्षेप मला जास्त जवळचा वाटतो, तो म्हणजे आपले मिस्तरी हे सहज करतील. पत्र्यात आणि वेल्डिंगमध्ये त्यांचा हात मी कमी लेखत नाही. पण इथे प्रश्न हाताचा नाही, तपासणीचा आहे. १९५२ मध्ये शेवरोलेने या पिकअपला अंगठ्याने दाबायच्या बटणाची मूठ दिली. ती दाराच्या मागच्या कडेला, खटक्याच्या अगदी जवळ आहे. खटका पुढे नेलास की एकतर मूठ हलवायची, नाहीतर दाराच्या पोटातून लांब दांडी न्यायची. पुढच्या कडेला १९५१ पासून आलेली त्रिकोणी काच आणि तिची चौकट आधीच बसलेली आहे. मिस्तरी यातून वाट काढेलही. पण नवा खटका किती ओढ सोसतो, दहा हजार वेळा उघडझाप झाल्यावर त्याचं काय होतं, गाडी उलटली तर दार बंद राहतं का, हे मोजायचं यंत्र कुठल्या गॅरेजात आहे? कारखाना हे मोजूनच गाडी बाहेर सोडतो.

आणि कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणीतला तपशील मूळ निर्मात्याच्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने करू नये. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे कलम कडकपणे वाचलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परवानगीबाहेरच्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद ठेवली. ‘मी रोज थोडाच चालवणार, प्रदर्शनात नेईन’ असं म्हणशील, तर तिथेच तुझं नुकसान सर्वांत मोठं आहे. जुलै २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरं मिळतात, पण अट अशी की गाडी मूळ रूपात हवी आणि चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल झालेला नको. तुझा पिकअप या मानाला वयाने केव्हाच पात्र झाला आहे. मागचे खांब कापून नवी पेटी भरलीस की पेणच्या आरटीओत तू हा हक्क कशाच्या आधारावर मागशील?

शेवटचं म्हणणं तुझं असं असणार, गाडी माझी, आवड माझी. हे मी मान्य करतो, आणि आवडीला जागाही दाखवतो. तुला चढ-उतार सोपी हवी आहे, तर आतल्या बाजूला धरायची मूठ लाव आणि पायदान दुरुस्त कर. दार दिमाखात उघडावं असं वाटतं, तर आधी ते नीट उघडू दे. अर्धं उघडून टोकाला दोन्ही हातांनी वर उचलून बघ. कड वर आली तर बिजागरीची पिन आणि बुश झिजलेत. ते बदल, दाराची रबरी पट्टी नवी घाल, कोपऱ्यांतली माती उकरून कुजलेला पत्रा कापून तिथे नवा भर, पुट्टीने झाकू नकोस. मग एका बोटाने ढकललेलं दार त्याच्या जाड, दबक्या आवाजात बंद होईल. तो आवाज मूळ घडणीचा आहे, आणि सत्तर वर्षांपूर्वी ज्याने हे दार पहिल्यांदा लावलं, त्यानेही तोच ऐकला असेल.

बिजागरी हलवायची की नाही, हे ठरवण्याआधी मागच्या कोपऱ्यात स्क्रू-ड्रायव्हर टोचून बघ आणि काय दिसलं ते मला कळव.

तुझा,
मामा