बंडखोर अध्यक्षाच्या आसनावर

ऑस्ट्रेलियातल्या बॅलरॅट गावी, स्टर्ट स्ट्रीटवर, पीटर लॅलरचा ब्राँझचा पुतळा आहे. अंगावर विधानसभा अध्यक्षाचा झगा. १८८० ते १८८७ तो व्हिक्टोरियाच्या विधानसभेचा अध्यक्ष होता. आणि याच माणसाला पकडून देणाऱ्यास सरकारने २०० पौंडांचं बक्षीस लावलं होतं!

लॅलर मूळचा आयर्लंडचा. व्हिक्टोरियात १८५१ साली सोनं सापडलं आणि पुढच्याच वर्षी, पंचविशीत, तो इथे आला. सोनं लागो न लागो, खणणाऱ्याला परवान्याचे महिन्याला ३० शिलिंग भरावेच लागत. पोलीस कागद तपासत माणसांच्या मागे धावत. अखेर नोव्हेंबर १८५४ मध्ये लोकांनी परवाने जाळले, लॅलरला पुढारी केलं आणि बॅलरॅटच्या युरेका भागात लाकडी कोट उभारला. ३ डिसेंबरच्या पहाटे फौज चालून आली. थोड्याच वेळात सगळं आटोपलं. किमान २२ खणकरी मेले. लॅलरचा डावा हात खांद्यापासून कापावा लागला.

बंडखोरांचं निशाण मी युरेका सेंटरमध्ये पाहिलं. निळं कापड, पांढरा क्रूस, त्यावर पाच तारे. लोक आठवण म्हणून कातरून नेत राहिल्यामुळे बराच भाग गायब. ते तारे म्हणजे आपला त्रिशंकू! वैशाखात आमच्या बुलढाण्याच्या घाटावरून दक्षिणेला जेमतेम वर येतो, तोच.

चक्रावलो ते पुढची हकिगत ऐकून. राजद्रोहाच्या तेराही आरोपींना मेलबर्नच्या ज्यूरींनी सोडून दिलं. मासिक परवाना गेला, त्याजागी वर्षाला एक पौंड आला. १८५५ संपायच्या आत लॅलर बिनविरोध कायदेमंडळात बसला. त्याआधी दोनच वर्षं, इकडे निजामाने आमचं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं होतं. तात्या टोप्यांना १८५९ मध्ये शिवपुरीत फाशी झाली. राणी तीच, पण बॅलरॅटच्या बंडखोरांचा निवाडा त्यांच्यातल्याच लोकांनी केला, तात्यांचा परक्या लष्कराने. आमच्याकडचा कापूस मात्र त्या राज्याला हवा होता. खामगावच्या रेल्वेच्या उद्घाटनाला १८७० मध्ये खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला. मताचा हक्क कापूस पिकवणाऱ्याला पुढे कित्येक पिढ्या मिळाला नाही.

लॅलरविषयी मनात आदर आहे, म्हणूनच क्लून्स गावची गोष्ट फार सलते. तिथल्या लोथेर खाणीचा तो संचालक होता. १८७३ च्या डिसेंबरात कामगार संपावर असताना कंपनीने घोडागाड्यांतून चिनी मजूर आणवले. गावच्या बायकापुरुषांनी रस्ता अडवला, दगडफेक केली, गाड्या परतवल्या. दगड खाल्ले त्या पोटासाठी आलेल्या चिन्यांनी. आणि मालकांच्या बाजूला होता लॅलर.