कोऱ्या ओळी

निफाड-दिंडोरीच्या पट्ट्यात प्रयोग न करणारा द्राक्ष बागायतदार शोधूनही सापडायचा नाही. नवं टॉनिक आलं की मारून बघायचं, शेजारच्या बागेत काय टाकलं याची खबर काढायची, आणि माल चांगला निघाला की ‘रिझल्ट आला’ म्हणायचं. बागांमध्ये चाचण्या मांडणं हा माझा धंदा, त्यामुळे मला त्या रिझल्टला विचारावं लागतं, की मारलं नसतं तर काय झालं असतं? याचं उत्तर देऊ शकेल अशी ओळच बहुतेक वेळा उरलेली नसते. अख्ख्या बागेवर फवारा झालेला असतो.

काही ओळी कोऱ्या ठेवायला मालकाला राजी करणं हे सगळ्यात चिवट काम. फळछाटणी झालीय, आभाळ भरून आलंय, डाउनी या बुरशीजन्य रोगाच्या धास्तीने घरात कोणाला झोप नाही. अशा वेळी ‘नाना, एवढ्या ओळी सोडा’ म्हणणारा माणूस वैरीच वाटणार. नानांचं चुकतही नाही. म्हणून रोगाच्या औषधाची चाचणी असली की मी नव्या औषधाची तुलना नेहमीच्या औषधाशी लावतो, पूर्ण कोरी झाडं मोजकीच ठेवतो आणि मध्ये राखीव ओळी सोडतो. डाउनीचे बीजाणू वाऱ्यावर येतात, त्यांना माझ्या खुणेच्या फिती दिसत नाहीत. कोऱ्या झाडांचा माल गेला तर भरपाई किती, हे आधी कागदावर उतरलेलं असतं. हे न ठरवता चाचणी मांडणाऱ्यावर माझा विश्वास नाही.

मग कोणत्या ओळी? कंपनीचा माणूस डेमो मांडतो तो रस्त्याकडेला. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावा म्हणून. मालक नवं औषध देतो ते लाडक्या ओळींना, जिथे काळी जमीन खोल आहे आणि पाणी पुरतं. उताराच्या वर मुरूम लागतो, तिथली झाडं ‘राहू द्या तुमच्या कंट्रोलला’. निकाल तिथेच लागला, फवारणी नुसती उपचारापुरती!

रस्त्याकडच्या ओळींनी एकदा मात्र जगावर उपकार केलेत. फ्रान्सच्या मेडॉक भागात वाटसरूंनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून कडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुन्याचं पाणी शिंपडायची रीत होती. १८८२ मध्ये मिलार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाला दिसलं, की आतल्या वेलींची पानं डाउनीने गळालीत आणि कडेच्या वेलींची टिकून आहेत. आजचं बोर्डो मिश्रण ते हेच. पण कडेच्या वेलींना वारा वेगळा, ऊन वेगळं, धूळ वेगळी. नुसत्या दिसण्यावर त्याचं भागलं नाही. त्याने मुद्दाम चाचण्या घेतल्या आणि निष्कर्ष छापले ते १८८५ मध्ये. मधली ती वर्षं मला त्याच्या नजरेपेक्षा मोलाची वाटतात.

मी उताराला आडवे पट्टे पाडतो, म्हणजे एका पट्ट्यात जमीन साधारण सारखी येते. प्रत्येक पट्ट्यात सगळे उपचार आणि कोरी ओळही. कोणती ओळ कोणाला, हे चिठ्ठी ठरवते. घरातलं लेकरू चिठ्ठ्या उचलतं आणि मालक हसतात, ‘एवढं शिकून शेवटी लॉटरीच का?’ इंग्लंडात रोथॅमस्टेडला फिशर या संख्याशास्त्रज्ञाने हीच लॉटरी शास्त्रात आणली. आपल्याकडे ती कृषी पदवीच्या प्रत्येक विद्यार्थ्यापर्यंत पोचली ‘पानसे-सुखात्मे’मधून. बऱ्याच जणांना हे एकाच माणसाचं नाव वाटतं! विनायक गोविंद पानसे आणि साताऱ्याच्या बुध गावचे पांडुरंग सुखात्मे यांचं ते पुस्तक १९५४ चं. गावातलं कोणतं शेत आणि शेतातली कोणती जागा कापून वजन करायची, हेही नशिबावर सोडायची पीक कापणी प्रयोगाची पद्धत देशात रुजवण्यात या दोघांचा मोठा वाटा. त्याआधी बहुतेक नजरअंदाज चाले.

नजर कापणीच्या वेळी पुन्हा आडवी येते. मणी मोजायला घड तोडायचा म्हटलं की हात आपोआप भरदार घडाकडे जातो. म्हणून घडांवर आधीच खुणा करतो आणि कॅलिपर धरणाऱ्याला फक्त अ, ब, क कळतं. औषधाचं नाव माझ्या वहीत.

एवढं करूनही प्रयोग विचारलं तेवढंच सांगतो. खरड छाटणीनंतर वाढ रोखून घड जास्त धरावेत म्हणून सीसीसी (क्लोरमेक्वाट क्लोराइड) हे वाढरोधक सर्रास वापरलं जायचं, आणि घड धरतातही. २०१० मध्ये युरोपात गेलेल्या आपल्या द्राक्षांत त्याचे अंश मर्यादेबाहेर सापडले, माल अडकला. घडांचा हिशेब खरा होता. तिकडच्या प्रयोगशाळेने विचारलं ते मण्यात काय उरलंय.

गेल्या हंगामात एका बागेत महागड्या टॉनिकच्या आणि कोऱ्या ओळींत फरक निघाला नाही. मला वाटलं, मालक टॉनिकवर चिडतील. ते म्हणाले, ‘आता माझी शेणाची स्लरी टाका चिठ्ठीत.’ स्लरीवर त्यांची भारी श्रद्धा. मी विचारलं, झाडाला किती लिटर देता? मग कोऱ्या ओळींनाही तेवढंच साधं पाणी द्यावं लागेल, नाहीतर पाण्याचं श्रेय स्लरी घेऊन जाईल. यावर आमचा बराच वेळ वाद झाला. नुसतं पाणी मोजून ओतायला मजूर लावायचा, हे त्यांना काही केल्या पटेना.