पानाला तीस रुपये

तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या शिक्षकाला मे महिना नकोसा वाटतो. मुलांना सुट्टी लागते, कायम नोकरीतले सहकारी लग्नसराईला लागतात आणि आमचे मानधन थांबते. जितक्या तासिका घेतल्या तितके पैसे, असा हा हिशोब आहे. दिवाळीची सुट्टी, परीक्षेचे दिवस, पावसाने शाळा बंद राहिली तर तेही दिवस त्यातून वजा होतात. कोकणात पावसाने शाळा किती वेळा बंद राहते हे कोकणातल्या वाचकांना सांगायला नको.

आम्ही रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या एका गावात उर्दू माध्यमाच्या शाळेत उर्दू आणि इतिहास शिकवतो. आम्ही म्हणजे तसे एकट्याच. उर्दूत 'हम' म्हणायची सवय, ती मराठी लिहितानाही सुटत नाही. पण घरात खरोखरच आम्ही दोघी आहोत, आई आणि लेक. लेक सहावीत आहे. तिचे अब्बा शारजाला एका गोदामात काम करतात. 2019 साली आमचा खुला झाला. त्याची कारणे सांगण्यासाठी हा लेख नाही. ते माणूस म्हणून वाईट नाहीत, एवढे लेकीसमोर म्हणता येते, आणि ते खरेही आहे.

घरी बसून करता येईल असे काम शोधायची वेळ आली तेव्हा आधी शिकवण्यांचा विचार केला. पण गावातली परवडणारी मुले दुसऱ्या शिक्षकांकडे आधीच जातात, आणि संध्याकाळी लोकांच्या घरी जाऊन शिकवायचे तर लेकीला कुणाच्या तरी ओटीवर बसवून ठेवावे लागणार. शिवणकामात हात नाही. हातात होते ते टंकलेखन. बी.एड.च्या आधी शासनाची मराठी 30 शब्द प्रति मिनिट ही परीक्षा दिली होती, आणि मामेभावाच्या छापखान्यात बसून उर्दूचे इनपेज शिकलो होतो. तेव्हा ते हौसेने शिकलो. पुढे त्यावर किराणा भरावा लागेल असे वाटले नव्हते.

घरबसल्या टायपिंगच्या जाहिराती खूप दिसतात. बसस्थानकाच्या भिंतीवर, मोबाईलवर, कधी तर मशिदीबाहेरच्या खांबावरही. महिना पंधरा हजार, शिक्षणाची अट नाही, महिलांना प्राधान्य. या जाहिरातींतल्या बऱ्याच फसव्या असतात, हे आमच्या मोहल्ल्यातल्या एका ताईंमुळे कळले. त्यांनी नोंदणीचे पैसे भरले, मोबाईलवर करारनाम्यावर सही केली. मग धूसर छायाचित्रांची शेकडो पाने आली, ती आठवड्यात टाइप करायची, आणि अचूकता अमुक टक्के हवी. काम दिल्यावर उत्तर आले की अचूकता कमी पडली. त्यानंतर स्वतःला वकील म्हणवणाऱ्या एकाचा फोन, की करार मोडला, दंड भरा, नाहीतर पोलीस येतील. ताई रडत आमच्याकडे आल्या. त्यांना दोन गोष्टी सांगितल्या. टायपिंगमध्ये चुका झाल्या म्हणून कुणाला अटक होत नाही. आणि अशा फसवणुकीची तक्रार 1930 या क्रमांकावर करता येते. तक्रार करायला त्या तयार झाल्या नाहीत, 'घरात कळेल' म्हणाल्या. नवऱ्याच्या नकळत भरलेले पैसे होते. फसवणाऱ्यांचा धंदा बहुधा या भीतीवरच चालतो. गेलेले पैसे परत आले नाहीत, पण पुढचे तरी वाचले.

खरे काम जाहिरातीतून येत नाही, ओळखीतून येते. आमच्याकडे पहिले आले ते शेजारच्या शाळेच्या घटक चाचणीचे पेपर. मग जमातीचा वार्षिक अहवाल, निकाहाच्या पत्रिका, बी.एड. करणाऱ्या मुलींच्या पाठांच्या फाइली, एका निवृत्त मुख्याध्यापकांच्या आठवणी. उर्दूला पानामागे तीस रुपये, मराठीला वीस. पहिल्या महिन्यात उर्दूची 38 पाने झाली, म्हणजे 1,140 रुपये. मार्चमध्ये सगळ्या शाळांचे पेपर एकदम आले तेव्हा 210 पाने झाली. तेवढी पाने पुन्हा एका महिन्यात झाली नाहीत.

उर्दूला दहा रुपये जास्त का, असे मराठी शाळेतल्या एका बाईंनी विचारले. कारण सांगण्यासारखे आहे. उर्दूची नस्तालीक लिपी ओळीवर सरळ बसत नाही, शब्द वरून खाली उतरत जातो. म्हणून बाकीच्या लिपी छापखान्यात खिळ्यांनी जुळत होत्या तेव्हाही उर्दूची वर्तमानपत्रे कातिब हाताने लिहीत. मिर्झा अहमद जमील यांनी हजारो जोडअक्षरे लिहून नूरी नस्तालीक सिद्ध केली, आणि 1981 साली लाहोरच्या 'जंग'ने ती वापरली. आपल्याकडे 1994 मध्ये दिल्लीच्या कंपनीने इनपेज आणले आणि घरच्या संगणकावर उर्दू लिहिता येऊ लागली. कळफलक सोपा आहे, उच्चाराप्रमाणे चालतो. पण मराठीत ज्याला आपण एक 'ज़' म्हणतो त्याची उर्दूत चार अक्षरे आहेत: ज़ाल, ज़े, ज़्वाद, ज़ोए. चौघांच्या जागा वेगळ्या. कुठल्या शब्दात कुठला ज़, हे बोट सांगत नाही, ते शब्द माहीत असावा लागतो. दहा रुपये त्याचे आहेत. आता मोबाईलसमोर बोलले की यंत्र मराठीही लिहिते आणि उर्दूही, त्यामुळे मराठीचे काम बरेच कमी झाले. हाताने लिहिलेल्या नस्तालीकपुढे मात्र यंत्र अजून अडखळते. किती दिवस अडखळेल ते अल्लाहला ठाऊक.

लेकीचे अब्बा रात्री नऊला फोन करतात, तेव्हा तिकडे साडेसात वाजलेले असतात. अमिरातीत व्हॉट्सअॅपवरून बोलता येत नाही, म्हणून बोटिम घ्यावे लागले. पूर्वी या फोनची सुरुवात पैशाने होत असे. पाठवले का, किती पाठवले, फी भरायची आहे, गणवेश घ्यायचा आहे. लेक शेजारी बसून सगळे ऐकायची. एकदा तिने अब्बांना स्वतःच सांगितले की तिला सहलीला जायचे नाही. वर्गात तिने नाव दिले होते, हे आम्हाला माहीत होते.

टायपिंगचे पैसे येऊ लागल्यावर पहिला बदल केला तो हा. किराणा आणि वीजबिल आमच्याकडून भागू लागले, तेव्हा पैशाची बोलणी फोनवरून काढून टाकली. महिन्याच्या 5 तारखेला एक लेखी संदेश जातो: फी इतकी, औषध इतके, तुमचा वाटा इतका. फोन फक्त लेकीचा. सुरुवातीला बापलेकीला बोलायला विषयच सुचेना. मग अब्बांनी स्वतःच इमला घ्यायला सुरुवात केली. तेही आमच्यासारखे उर्दू माध्यमातलेच. रविवारी सुट्टी असते, तेव्हा वीस शब्द सांगतात, लेक लिहून कॅमेऱ्यासमोर धरते, ते तपासतात. त्यांचेही ज़ चुकतात. लेक चूक दाखवते तेव्हा ते हसतात, आणि आम्ही स्वयंपाकघरातून काही बोलत नाही.

पण याच टायपिंगने भांडणही आणले. गेल्या हिवाळ्यात त्यांचा संदेश आला: "रात्री अकरापर्यंत तू मशीनवर बसतेस, मग मुलीकडे लक्ष कोण देते? तिला दापोलीला अम्मीकडे ठेव, खर्च मी देतो." वाचून हात थंड पडले. जे काम लेकीला सोडून बाहेर जावे लागू नये म्हणून धरले, तेच काम आता लेक काढून घेण्याचे कारण होऊ पाहत होते. ते स्वतः रोज दहा-बारा तास गोदामात असतात, आणि मुलीचे काय, हा प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारलेला नाही. आम्हीही विचारला नाही. उत्तरात फक्त वेळापत्रक पाठवले. पहाटे फजरनंतर दीड तास, आणि रात्री दहाला लेक झोपल्यावर एक तास. सासूबाईंबद्दल मनात राग नाही, त्या लेकीचे लाडच करतात. पण त्यांच्या वाडीतून शाळेला दोन बस बदलाव्या लागतात.

मोहल्ल्यातल्या वडीलधाऱ्यांचे म्हणणे उलटेच. एक खालाजान म्हणाल्या, "तू कमावतेस ना आता? मग त्याच्यापुढे हात कशाला पसरतेस?" हा गैरसमज सुशिक्षितांतही आहे म्हणून इथे लिहितो. आईने कमावले म्हणून बापाची जबाबदारी संपत नाही. शरीअतमध्ये मुलांचा खर्च बापावर आहे, मुले कुणाकडेही राहोत. सर्वोच्च न्यायालयाने 1997 साली नूर सबा खातून यांच्या खटल्यात हेच सांगितले: 1986 च्या कायद्यात आईच्या नावे दोन वर्षांची मर्यादा असली तरी मुलांचा पोटगीचा हक्क वेगळा आहे, आणि मुलीच्या बाबतीत तो तिच्या लग्नापर्यंत राहतो. ज्या 125 कलमाखाली तो अर्ज होता, ते 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत 144 झाले आहे. कोर्टात जायची आमची इच्छा नाही. पण जो हक्क लेकीचा आहे तो आम्ही स्वाभिमानाच्या नावाखाली सोडून देऊ शकत नाही. तो आमचा नव्हेच.

मे महिन्यात ते महिनाभर गावी आले तेव्हा सगळे कागदावर घ्यायचे ठरले. हा मसुदा आम्हीच टाइप केला, एक मराठीत, एक उर्दूत. दोन्ही मिळून सात पाने झाली आणि त्यांचे पैसे कुणी दिले नाहीत. शंभराचा मुद्रांक बंद झाला, आता पाचशेचा लागतो, तो त्यांनी आणला. फी निम्मी-निम्मी, औषधपाणी त्यांच्याकडे. फोन रोज रात्री नऊला, पण परीक्षेच्या आठवड्यात पंधरा मिनिटेच. मेच्या सुट्टीत दहा दिवस दापोलीला दादीकडे. लेकीचा पासपोर्ट काढायला दोघांची संमती हवी, म्हणून तो आमच्याकडे राहील आणि तिला तिकडे न्यायचे असेल तर परतीचे तिकीट आधी दाखवायचे. या शेवटच्या वाक्यावर ते दोन दिवस रुसले होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "ठीक आहे, लिहा." इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते आम्हाला 'लिहा' म्हणाले, 'लिही' नव्हे.

वकीलबाईंनी कागद वाचून सांगितले की मुलीच्या ताब्याचा वाद उभा राहिला तर 1890 च्या पालकत्वाच्या कायद्यानुसार न्यायालय मुलीचे हित पाहील, हा कागद त्याला बांधणार नाही. तरी असू द्या, म्हणाल्या, दोघांना काय कबूल होते ते तरी दिसेल.

एक जागा मात्र बराच वेळ मोकळी होती. आम्ही कोकणी लोक शाफई, आणि आमच्याकडे मूल समजत्या वयाचे झाले की त्याची मर्जी विचारतात. लेकीला काय विचारायचे आणि कधी, यावर आमचे एकमत होईना. त्यांना वाटे आत्ताच विचारावे, आम्हाला वाटे दहावी होऊ द्यावी. लेक मागे उभी राहून पडद्यावरचे वाचत होती, हे दोघांच्याही लक्षात आले नाही. तिने 'मर्ज़ी'वर बोट ठेवले. तिथे आमच्या हातून ज़्वादच्या जागी ज़े पडला होता. तो दुरुस्त करून आम्ही तिलाच विचारले, पुढे काय लिहू? ती म्हणाली, "मला विचारायचे असेल तेव्हा दोघांनी एका वेळी विचारा." तेवढेच टाइप केले, आणि दोघांनी सही केली.